कुणाला विचारलं?

“मावशी, थोडं झोपेचं औषध देते. काही कळणार नाही तुम्हाला,” डॉ. मुजावर म्हणाल्या.

“नको. काल ठरलंय आपलं.”

“ठरलंय हो. पण आता आवाज सुरू होतील. सांधा बसवणं वेगळं आणि बसवलेला काढणं वेगळं. ठोकाठोकी फार असते.”

“असू दे.”

मी डाव्या कुशीवर होते. पोटाशी आणि पाठीशी असे आधार लावले होते की मान तेवढी हलत होती. पाठीत दिलेल्या इंजेक्शननं कमरेखालचं सगळं बधिर झालेलं. पलीकडे कुणीतरी माझा उजवा पाय उचलून धरला होता, ते मला अंगाला बसलेल्या हिसक्यावरून कळलं, पायावरून नाही. डोळ्यांसमोर हिरवं कापड ताणलेलं होतं. त्याच्या अलीकडे मी आणि भूल देणाऱ्या डॉ. मुजावर, पलीकडे डॉ. सातपुते आणि त्यांची माणसं.

“शैलजाताई, सुरुवात करतोय,” सातपुत्यांचा आवाज आला.

“करा,” मी म्हणाले. माझाच आवाज मला बारीक वाटला.

त्या वेळी मी साठी ओलांडली होती. पाटबंधारे खात्यात आरेखक होते, धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढण्यात उमेदीची वर्षं गेली. मूलबाळ नव्हतं. यजमान गेल्यानंतर कराडच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझ्या मोठ्या नणंद मथुराताई, अशा दोघीच उरलो होतो. वन्संनी टेलिफोन खात्यात जन्म काढला, लग्न केलं नाही. त्या मला शैला म्हणायच्या आणि मी त्यांना अहोजाहो करायचे. आमचं भांडण असं कधी झालं नव्हतं. फार बोलणंही होत नव्हतं म्हणा.

उजव्या खुब्याचा सांधा माझा आधी एकदा बदलून झाला होता. सुरुवातीची वर्षं छान गेली. कृष्णाकाठी घाटावर फिरायला जायचे, जिने चढायचे. मग मांडीत ठणका सुरू झाला. खुर्चीतून उठताना पहिली दोन पावलं टाकायची म्हणजे कुणीतरी हाडात पहार घालतंय असं व्हायचं. फोटोत दिसलं की मांडीच्या हाडात बसवलेला धातूचा दांडा सैल झालाय. पुन्हा ऑपरेशन करावं लागणार एवढं नक्की होतं. प्रश्न वेगळाच होता. दांडा नुसता सैल झालाय की आत जंतू बसलेत? रक्ताचा रिपोर्ट धड चांगला नव्हता आणि धड वाईटही नव्हता. सांध्यातलं पाणी काढून तपासलं, त्यात काही उगवलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मिरजेच्या त्या दवाखान्यात डॉ. सातपुते खोलीत आले आणि पलंगाच्या कडेला बसले. मी आरेखक होते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी रिपोर्टच्या पाठीमागे पेननं खुब्याचं चित्र काढलं. चित्र बरं होतं, प्रमाण चुकलेलं होतं.

“उद्या उघडल्यावर आतलं मांस बघणार. तुकडा काढून लगेच तपासायला पाठवणार. स्वच्छ असेल तर जुना सांधा काढून त्याच बैठकीला नवा घालतो. काम संपलं.”

“आणि स्वच्छ नसेल तर?”

“मग नवा घालता येणार नाही, त्यालाही जंतू धरतील. सगळा धातू काढून आत औषध मिसळलेलं सिमेंट ठेवावं लागतं, तात्पुरत्या सांध्यासारखं. काही महिने तसंच. त्या पायावर भार द्यायचा नाही, शिरेतून औषधं, घरात वॉकरवर पंजा टेकत तेवढं फिरायचं. मग जंतू गेले की तिसरं ऑपरेशन, त्यात खरा सांधा.”

“तिसरं नाही,” मी म्हणाले. “डॉक्टर, मी आत्ताच सांगते. हे दुसरं आणि हे शेवटचं. तिसऱ्यांदा मी टेबलावर येणार नाही.”

वन्सं खिडकीपाशी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी सफरचंद चिरायचं थांबवलं. सातपुत्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, पण त्या नुसतं “बघू” म्हणाल्या आणि पुन्हा चिरायला लागल्या. सफरचंद त्यांनी अगदी नाकाशी धरलं होतं. ते मला दिसत होतं. त्याचा अर्थ काय, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

“आणखी एक,” मी म्हणाले. “मला झोपवायचं नाही. कमरेखाली भूल द्या, पण मी जागी राहणार.”

“का?”

“राहणार म्हणजे राहणार.”

त्यांनी जास्त विचारलं नाही.

तर आता ठोकणं सुरू झालं. मुजावर म्हणाल्या होत्या ते कमीच होतं. छिन्नी-हातोड्याचा आवाज, अगदी बांधकामावर येतो तसा, आणि प्रत्येक घावाला माझे दात एकमेकांवर आपटत होते. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं, असं एक क्षण वाटलं. निदान ते माझ्या अंगात चाललंय हे पटलं असतं. जळक्या हाडाचा वास आला. मग सातपुते थांबले.

“खुब्यातली वाटी निघाली. ती सैल नव्हतीच फारशी,” ते कुणाला तरी म्हणाले. मग बराच वेळ पुन्हा घाव. “दांडा वर येतोय. हळू. हळू. हाड पातळ आहे इथं. मला तडा नकोय.”

नाडी दाखवणाऱ्या यंत्राचं टुकटुक भरभर व्हायला लागलं. ती माझी नाडी आहे हे मला थोड्या वेळानं कळलं. मुजावरनी माझ्या कपाळावर हात ठेवला.

“श्वास सोडा, मावशी. धरून ठेवलाय तुम्ही.”

मी सोडला. त्याच वेळी पलीकडे चिखलातून खुंटी उपटावी तसा आवाज झाला आणि कुणीतरी म्हणालं, “आला.”

“हाड?” मी विचारलं.

“शाबूत आहे,” सातपुते म्हणाले. पण त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काही नव्हतं. “तुकडे पाठवतोय तपासायला. आता थोडं थांबायचं. मी आत धुऊन घेतो तोवर.”

मला आयुष्यात पुष्कळ वेळा थांबावं लागलंय. पण मांडी उघडी, आत सांधाच नाही, पाय नुसता मांसानं लटकलेला, आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून माझं काय करायचं ते बघतंय, असं थांबणं दुसरं नाही. कापडापलीकडे पाणी ओतल्याचा आवाज येत होता. अंगाला कापरं सुटलं. मुजावरनी गरम हवेची नळी छातीवरच्या पांघरुणात सारली आणि स्टूल जवळ ओढलं.

“बोला काहीतरी. बोललं की कापरं कमी होतं. जागं राहायचा एवढा हट्ट कशाला केलात?”

मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. वन्संनासुद्धा नाही. मुजावरना सांगितलं. कदाचित त्यांचा चेहरा मास्कमुळे दिसत नव्हता म्हणून असेल.

“माझे वडील वीज मंडळात लाइनमन होते. मी शाळेत होते तेव्हा ते खांबावरून पडले. पाय चिघळला. सांगलीला नेलं. ते तापात होते, पण शुद्धीवर होते, आम्हाला ओळखत होते. डॉक्टर बाहेर आले आणि आजोबांना म्हणाले, पाय काढावा लागेल. आजोबांनी अंगठा उठवला. आत जाऊन वडिलांना एक शब्द सांगितला नाही, उगाच घाबरेल म्हणून. दुसऱ्या दिवशी ते जागे झाले आणि पांघरुणाखाली हात घातला.”

मुजावरनी पांघरूण माझ्या खांद्यापर्यंत ओढलं.

“ओरडले नाहीत. रडले नाहीत. एवढंच म्हणाले, कुणाला विचारलं? पाय वाचण्यासारखा नव्हताच, हे त्यांना पुढं पटलंही. पण आजोबा मरेपर्यंत ते त्यांच्याशी बोलले नाहीत. एका घरात राहून.”

“म्हणून तुम्ही जाग्या.”

“मला पांघरुणाखाली हात घालून बघायचं नव्हतं.”

फोन वाजला. कुणीतरी तो सातपुत्यांच्या कानाला धरला असावा, कारण त्यांचं एकट्याचंच बोलणं ऐकू आलं. “हो. किती ठिकाणी? म्हणजे सीमेवर. दुसरा तुकडा? बरं. नाही, तुमचं बरोबर आहे, तुम्ही तरी काय सांगणार.”

मग ते कापडाला वळसा घालून माझ्यासमोर आले. रक्ताचे हात छातीशी धरलेले, कशालाही लागू नयेत म्हणून. ते गुडघ्यात वाकले, तेव्हा त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर आले.

“शैलजाताई, नीट ऐका. रिपोर्ट मधलाच आलाय. जंतू आहेत असं म्हणता येत नाही आणि नाहीत असंही नाही. आज नवा सांधा घातला तर बहुतेक टिकेल. बहुतेक. नाही टिकला तर मात्र पुढचं फार अवघड आहे. हाड संपत जाईल. दुसरा रस्ता म्हणजे काल सांगितलं ते. सिमेंट ठेवायचं, महिने काढायचे, आणि तिसरं ऑपरेशन. तुमची दोन्हीला सही आहे, मी ठरवू शकतो. पण काल तुम्ही तिसरं नाही म्हणालात, ते माझ्या डोक्यात आहे.”

“बाहेर यांच्या नणंद आहेत,” मुजावर म्हणाल्या. “त्यांना विचारायला पाठवू का?”

“नाही,” मी म्हणाले. “पाय माझा आहे. मला विचारताय ना? मग मलाच विचारा.”

“विचारतोय,” सातपुते म्हणाले.

“रिपोर्ट बाजूला ठेवा. तुम्ही आत बघितलंय. तुम्हाला काय दिसलं?”

“मांस मला आवडलं नाही,” ते म्हणाले. “दांड्याभोवती पातळ बुळबुळीत थर आहे. नुसत्या झिजेनं असा येतो कधी कधी. पण मला आवडलं नाही.”

आदल्या दिवशी केवढ्या ठामपणे बोलले होते मी. मला पुन्हा घाटावर फिरायचं होतं, तिसऱ्यांदा या खोलीत यायचं नव्हतं. ‘बहुतेक टिकेल’ हे शब्द मी मनात घट्ट धरून पाहिले. पण खात्यात असताना एखाद्या भिंतीच्या पायाखाली खडक लागला की नाही याबद्दल साइटवरचा माणूस ‘बहुतेक’ म्हणाला तर आम्ही त्यावर रेघ ओढत नसू.

“मग सिमेंट ठेवा,” मी म्हणाले.

“नक्की?”

“ठेवा म्हटलं ना.”

ते उठले. कापडापलीकडे गेल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडलेला मला ऐकू आला. मुजावरनी माझे डोळे पुसले, नाकही पुसलं. आता झोपता का, असं त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणाले.

जाग आली तेव्हा मी खोलीत होते. वन्सं स्टुलावर बसल्या होत्या. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, त्यांना कुणी सांगितलं नसेल. म्हणून मीच सांगितलं. वडिलांचं तेवढं सोडून बाकी सगळं. डॉक्टर खाली वाकले, त्यांनी मला विचारलं, मी ठरवलं. मला त्याचा अभिमान वाटत होता, आणि तो माझ्या बोलण्यात आला असणार.

“सांगितलं मला डॉक्टरांनी,” वन्सं म्हणाल्या. “बाहेर विचारायला पाठवत होते, तू नको म्हणालीस, तेही सांगितलं.”

“पाय माझा आहे, वन्सं.”

“हो. पाय तुझाच आहे.”

त्यांनी मला चमच्यानं पाणी पाजलं. चमचा ओठांच्या थोडा बाजूला लागला, पाणी गालावरून उशीवर गेलं. त्या पुसायला लागल्या आणि पुसता पुसता, अगदी सपाट आवाजात, म्हणाल्या, “महिनोन् महिने भांडं द्यायचं, अंग पुसायचं, वेळा पाळून औषधं द्यायची, तुला धरून उठवायचं. ते करणारे हात कुणाचे? तुला त्यांनी विचारलं, फार चांगलं केलं. मला कुणी विचारायचं?”

मी त्यांच्या हातातल्या चमच्याकडे बघत राहिले.

“नाही म्हटलं असतं असं नाही,” त्या म्हणाल्या. “हेच कर म्हणाले असते. पण विचारायला माणूस दारापर्यंत येत होता, शैला.”

त्यानंतरचे दिवस आम्ही दोघींनी चांगले काढले असं मी म्हणणार नाही. काही दिवसांनी सातपुत्यांचा फोन आला. तपासणीत जंतू उगवला होता, फार हळू वाढणारा. आधीच्या पाण्यात तो सापडला नव्हता तो त्यामुळेच. “त्या दिवशी नवा घातला असता तर वाया गेला असता,” ते म्हणाले. मी हे वन्संना सांगितलं. त्या “बरं झालं” म्हणाल्या आणि गॅसवरचं दूध बघायला गेल्या. माझा निर्णय बरोबर ठरला होता आणि त्याचा घरात काही उपयोग नव्हता.

त्या सगळं करत होत्या. एकही वेळ चुकवत नव्हत्या. फक्त बोलत नव्हत्या. मी पडल्या पडल्या त्यांना बघत राहायचे, दुसरं काम नव्हतं. आणि बघता बघता मला दिसायला लागलं. भिंतीवरचं घड्याळ त्या जवळ जाऊन बघत. गोळ्यांची पाकिटं खिडकीत नेऊन, डोळ्यांशी धरून वाचत. एकदा दार समजून कपाटाच्या काचेवर हात ठेवला.

“वन्सं, डोळ्यांचं काय आहे?”

“मोतीबिंदू. पिकलाय.”

“कधीपासून?”

“झाले बरेच दिवस. उजव्याचं करायचं ठरलं होतं पावसाळ्याआधी. मग तुझं दुखणं वाढलं.”

“मला बोलला नाहीत.”

“तू कुठं विचारलंस?” त्या म्हणाल्या. चिडून नाही. मी मीठ कुठंय विचारावं आणि त्यांनी डब्यात आहे सांगावं, तसं.

त्या दुपारी मी त्यांना वडिलांची गोष्ट सांगितली. क्षमा मागायची म्हणून नाही; पाय माझा होता, हे मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. पण त्यांना ते ठाऊक असायला हवं असं वाटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “आणि तुझी आई? एक पाय गेलेला नवरा आयुष्यभर तिनं सांभाळला. तिला कुणी विचारलं होतं?”

इतक्या वर्षांत ही गोष्ट मी मनात किती वेळा घोळवली असेल. त्यात वडील होते, आजोबा होते, डॉक्टर होते. आई कुठं होती? त्या दिवशी दवाखान्यात ती कुठं बसली होती, हेसुद्धा मला आठवेना. मी आठवत राहिले. डबा घेऊन ती जिन्यात उभी होती बहुतेक. नक्की सांगता येत नाही.

“नाही,” मी म्हणाले. “तिला कुणीच विचारलं नाही.”

“मग,” वन्सं म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. जाताना त्यांचा हात क्षणभर माझ्या डोक्यावर होता.

गणपती झाल्यावर त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. तेवढ्या दिवसांसाठी एक बाई ठेवली. घरात दोन पलंग, एकावर मी पाय उशांत अडकवून, दुसऱ्यावर वन्सं काळा चष्मा लावून. बाई आम्हाला आलटून पालटून औषधं घालायची आणि आम्ही दोघी मिळून तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचो. त्यात आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं. पूर्वीपेक्षा जास्तच. पट्टी सुटल्यावर त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “केस केवढे पांढरे झाले तुझे. कुणी सांगितलं नाही मला.”

पुढं रक्ताचे रिपोर्ट चांगले आले. सातपुत्यांनी फोन केला, “या आठवड्यात येऊन जा. तिसरं करून टाकू. दिवाळीला नव्या सांध्यावर.”

मला त्या क्षणी निघावं असं वाटत होतं. वॉकरवर नुसता पंजा टेकत फिरून जीव विटला होता.

“कळवते,” मी म्हणाले आणि फोन हातात तसाच धरून हाक मारली. “वन्सं, डॉक्टर या आठवड्यात या म्हणतायत. काय करू या?”

त्या स्वयंपाकघरातून आल्या. हाताला पीठ होतं. मी विचारतेय हे खरं की नुसतं सांगतेय, ते त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून पारखून घेतलं. आता त्यांना चांगलं दिसत होतं.

“दिवाळीनंतर घे,” त्या म्हणाल्या. “मला दवाखान्याच्या त्या स्टुलावर दिवाळी नाही काढायची. थोडं थांबलं तर चालेल का, ते विचार त्यांना.”

मी विचारलं. सातपुते म्हणाले चालेल.

ती दिवाळी मी नव्या सांध्याशिवाय केली. पलंगावर बसून चकल्या पाडल्या, वन्संनी तळल्या. पाडव्यानंतर आम्ही मिरजेला गेलो.